सोसायटीच्या हॉलमध्ये ‘द एडी डचिन स्टोरी’ दाखवायचा असेल तर

पियानोवादक एडी डचिनच्या आयुष्यावरच्या ‘द एडी डचिन स्टोरी’ (१९५६) या चित्रपटाचा खेळ ठेवायचा तर पैसे आधी स्पीकरवर घाला, प्रोजेक्टरचं नंतर बघू. पडद्यावर बोटं फिरतात नायक टायरोन पॉवरची, पण ऐकू येतो तो कार्मेन कॅव्हलारोचा पियानो. चित्रपट १२३ मिनिटांचा आणि उघडउघड रडका आहे. पियानो स्वच्छ वाजला तर लोक डोळे पुसतात, फाटका वाजला तर त्याच प्रसंगाला हसू येतं.

खेळाआधी दोन-तीन दिवस रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. नाशिकचा गंगापूर रोड काय, इंदिरानगर काय, सोसायट्यांचे हॉल सगळे सारखेच: खाली गुळगुळीत फरशी, चारी भिंती उघड्या. टाळीनंतर ‘झंग्’ असा आवाज रेंगाळला तर पियानोचे भरभर येणारे सूर एकमेकांत कालवले जाणार, हे नक्की. जमिनीवर सतरंज्या अंथरा आणि पडद्यासमोरच्या, म्हणजे मागच्या भिंतीवर जाड चादरी किंवा गाद्या टांगा. अर्धा त्रास तिथेच संपतो. उरलेला अर्धा माणसं भरली की जातो, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये आवाज थोडा घुमला तरी घाबरू नका.

मांडववाल्याकडून साऊंड घेताना तो हमखास लग्नाच्या वरातीतली मोठी बेसची खोकी पुढे करेल. ती नको म्हणा. त्यातून पियानोचा डावा हात ढोलासारखा येतो आणि उजवा हात गायब होतो. पन्नास-साठ माणसांना ८ किंवा १० इंची वूफरचे दोन ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेले) स्पीकर पुरतात. ते पडद्याच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर येतील असे ठेवा आणि तोंडं किंचित आत वळवा. लाकडी स्टेजवर किंवा पत्र्याच्या टेबलावर ठेवले तर स्टेजही सोबत वाजायला लागतं.

आता वायर. ब्लूटूथ अजिबात नको. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने मागे पडू शकतो. मारामारीच्या चित्रपटात ते खपून जातं, पण इथे बोट पट्टीवरून उठल्यावर सूर ऐकू येतो आणि सगळी नक्कल उघडी पडते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एका टोकाला ३.५ मिमीची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळे मोनो जॅक असलेली वायर घ्या. एक जॅक डाव्या स्पीकरला, एक उजव्याला. दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली वायर स्पीकरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसली तर डाव्या-उजव्या चॅनलमधलं सारखं असेल ते एकमेकांना खोडतं. ओठ हलतात पण शब्द विहिरीतून आल्यासारखे येतात, पियानो शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजतोय असं वाटतं. लोक मग आवाज वाढवत बसतात. दोष वायरचा असतो.

प्रोजेक्टर एचडीएमआयने जोडला की लॅपटॉप आवाजही बऱ्याचदा तिकडेच पाठवतो. सेटिंगमध्ये जाऊन हेडफोन निवडा. बेस बूस्टसारखी सगळी सोंगं बंद. लॅपटॉपचा आवाज ८० टक्क्यांवर ठेवून बाकीचं स्पीकरवर जुळवा. पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजताना क्लिपचा (आवाज फाटतोय हे सांगणारा) लाल दिवा लागला तर कमी करा. बारीक घुं-घुं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा; थांबली तर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. चाचणीला युद्धातला प्रसंग लावा: मोडका पियानो आणि शेजारी एक लहान मुलगा. तिथे आवाज बारीक आहे आणि बोटं स्पष्ट दिसतात. बोटं आणि सूर जुळत नसतील तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जे’ आणि ‘के’ ही बटणं आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी मागेपुढे करतात.

चित्र सोपं आहे. हा सिनेमास्कोप, म्हणजे चांगलाच आडवा. त्या काळी हे प्रमाण २.५५:१ पर्यंत जायचं. १० फूट रुंद पडद्यावर चित्राची उंची जेमतेम ३ फूट ११ इंच भरते, आणि १६:९ च्या प्रोजेक्टरवर वर-खाली साधारण १०-१० इंच काळ्या पट्ट्या उरतात. चित्र ताणून पडदा ‘भरू’ नका, नायिका किम नोवाक उभट होते. पट्ट्यांवर काळं कापड लावलं तर चित्र उठून दिसतं. मात्र सबटायटल्स खालच्या पट्टीत येत असतील तर तीही झाकली जातील, तेव्हा आधी ती चित्राच्या आत आणा. १.५ थ्रो रेशोचा, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा प्रोजेक्टर पडद्यापासून १५ फुटांवर लागतो. रंगांचा मोड ‘सिनेमा’ ठेवा. ‘डायनॅमिक’वर टेक्निकलरमधले चेहरे टोमॅटो होतात.

मराठी सबटायटल्स स्वतः केली असतील तर फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. एका वेळी दोनच ओळी. पियानो चालू असताना कोणी बोलत नसेल तर पडद्यावर काही लिहू नका, ‘संगीत’ हा शब्दसुद्धा नको.

घरगुती डिस्क सार्वजनिक खेळासाठी नसते. हा चित्रपट कोलंबिया कंपनीचा आणि कोलंबियाचे चित्रपट आज सोनीकडे आहेत, तेव्हा लेखी परवानगीचं काम महिनाभर आधी सुरू करा. गच्चीवर दाखवणार असाल तर रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही. जानेवारीत ७ ला सुरू केलं की सव्वानऊपर्यंत आटोपतं, पण नाशिकची थंडी आणि दव धरून प्रोजेक्टरवर छत हवंच. फाळके त्र्यंबकचे; त्यांच्या जिल्ह्यात गच्चीवर पडदा बांधायला लाजायचं कारण नाही!

प्रास्ताविक पाच मिनिटांत उरका. डचिनचा जन्म १९०९ चा, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सचा. शिकला औषधनिर्माण, नाव कमावलं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क कॅसिनो या नाइटक्लबमध्ये. पत्नी मार्जोरी १९३७ मध्ये मुलाच्या जन्मानंतर काही दिवसांत गेली, आणि तो स्वतः १९५१ मध्ये ल्युकेमियाने. एवढं बस, मुलाशी त्याचं काय होतं ते चित्रपटालाच सांगू द्या. त्यापेक्षा शहरातल्या एखाद्या पियानो शिकणाऱ्या मुलीला संगीतकार शोपाँच्या ई फ्लॅट मेजरमधल्या नॉक्टर्न या पियानो-रचनेच्या (ओपस ९, क्रमांक २) पहिल्या आठ ओळी वाजवायला सांगा. कीबोर्ड आणि सस्टेन पेडल (सूर लांबवणारं पायाचं बटण) पुरे. रचना १२/८ मध्ये आहे, म्हणजे तीन-तीनचे चार गट, दादऱ्याच्या कानाला लगेच कळणारे. चित्रपटाची मुख्य सुरावट हीच आहे. एकदा कानात बसली की पुढे ती कुठेही आली तरी प्रेक्षक ओळखतो.

मध्यंतर घ्यायचंच असेल तर वाजवणं चालू असताना तोडू नका, प्रसंग पूर्ण संपू द्या. आणि शेवटी बापलेक दोन पियानोंवर वाजवायला बसले की दिव्याच्या बटणापाशी एक माणूस उभा करा, दिवा लावायला नव्हे, कोणी लावू नये म्हणून. दोनपैकी एक खुर्ची रिकामी दिसल्यावर अर्धा मिनिट अंधार राहू द्या. आभार, चहा, खुर्च्या उचलणं, सगळं त्यानंतर.