लेखकाची मुलाखत घेताना पुस्तक उघडे ठेवावे

लेखकाची प्रकट मुलाखत घ्यायची असेल, तर प्रश्नांच्या आधी पुस्तकाची तयारी करावी. पुस्तक दोनदा वाचावे. पहिल्यांदा साध्या वाचकासारखे आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, जेथे आपण अडखळलो किंवा मागचे पान उलटून पाहिले तेथे खूण करीत. खरे प्रश्न या खुणांतूनच निघतात. आमच्या सांगली जिल्ह्यात अशा गप्पांना निमित्तांची वाण नाही. संक्रांतीला औदुंबरला कृष्णाकाठी साहित्य संमेलन भरते आणि गावोगावच्या वाचनालयांत व्याख्यानमाला होतात. तरीही बहुतेक मुलाखती ‘लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?’ या प्रश्नापाशी अडून राहतात, कारण त्याचे उत्तर प्रत्येक लेखकाजवळ तयार असते आणि ते त्याने याआधी अनेकदा दिलेले असते.

माझी एक मुलाखत अशीच फसत चालली होती. आटपाडीकडच्या दुष्काळावर लिहिणाऱ्या एका कादंबरीकारांना मी बालपण, पुरस्कार, आवडते लेखक असे विचारत राहिलो. ते सौजन्याने उत्तरे देत होते आणि मागच्या रांगेतील माणसे एकेक करून उठत होती. शेवटी मी प्रत उघडून खूण केलेले वाक्य वाचले. त्यात चारा छावणीवरून परतलेली एक बाई घरात येताच रिकामी घागर पालथी घालते. ‘घागर पालथी का?’ एवढेच मी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले, की पहिल्या खर्ड्यात त्या जागी बाईचे दीड पान रडणे होते, आणि ते आईला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, ‘एवढं रडाय येळ कुणाला हुता? भांडं पालथं घालायचं, न्हाईतर धूळ बसती.’ दीड पान गेले आणि तेथे घागर आली. ज्याला आपण लेखकाची जडणघडण म्हणतो ती मला त्या उत्तरात जितकी दिसली, तितकी आधीच्या सगळ्या प्रश्नोत्तरांत दिसली नव्हती.

म्हणून विचारायचे ते पुस्तकातले विचारावे: पहिले वाक्य आधीपासून हेच होते का, कोणते प्रकरण काढून टाकले, दुसऱ्या आवृत्तीत काय बदलले, बोलीतले संवाद कोणाच्या तोंडून ऐकले. अर्पणपत्रिकाही चुकवू नये. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. व्यक्तीला नव्हे, तर लेखणीला अर्पण करण्यामागे लेखकाची लेखनाविषयीची सगळी भूमिका असू शकते, आणि असा एखादा शब्द हेरणे हेच मुलाखतकाराचे काम आहे.

उत्तर आल्यावर लगेच पुढच्या प्रश्नाकडे धावू नये. लेखक थांबला तर आपणही थांबावे. सभागृहातील शांतता आपल्याला असह्य वाटते, परंतु तो माणूस त्या वेळी आठवत असतो. मात्र ‘हे पात्र म्हणजे अमुकच ना?’ असे चारचौघांत विचारणे मला अत्यंत गैर वाटते. आपल्या भागात गाव लहान असते, ज्याच्यावरून पात्र बेतले त्याची सून कदाचित तिसऱ्या रांगेत बसलेली असते, आणि एका प्रश्नासाठी लेखकाचे गावाशी असलेले नाते पणाला लावण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्यावी. फोन लेखकाजवळ, जाड रुमालावर ठेवावा आणि डोक्यावरचा पंखा शक्य तर बंद करावा. दुसरा फोनही चालू असावा, कारण एक बंद पडला तर तो संवाद पुन्हा तसा घडत नाही.

छापण्यासाठी मुलाखत उतरवताना संयमाची कसोटी लागते. तासाभराचे बोलणे कागदावर आले की सहज सहा-सात हजार शब्द होतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक गाळावे लागतात. पुनरुक्ती काढावी, क्रमही लावावा, पण ‘हुता’चा ‘होता’ करू नये. माणदेशी माणसाने प्रमाण भाषेत मध्येच एक वाक्य बोलीत टाकले असेल, तर ते तेथे का आले हे त्याच्या पुस्तकाचा वाचक बरोबर ओळखतो. गावांची आणि माणसांची नावे लेखकाकडून अक्षरशः तपासून घ्यावीत. उतरवलेला मजकूर त्यांना दाखवावा. घरातल्या कोणाविषयी बोलण्याच्या ओघात गेलेले वाक्य त्यांनी काढायला सांगितले, तर खळखळ न करता काढावे. परंतु आईचे ते बोलणे पुस्तकी भाषेत लिहा असे कोणी सुचवले, तर नम्रपणे नकार द्यावा आणि लेखकांना ध्वनिमुद्रणातला तेवढा भाग पुन्हा ऐकवावा. आमच्या कादंबरीकारांनी तो ऐकला आणि कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेला ‘होता’ स्वतःच खोडला.