जमिनीखालची पाइपलाइन लीक झालीये? फरशी फोडायच्या आधी हे वाचा

सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती, ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) आज आणू नका. फरशीवर ओल दिसली की पहिला विचार हाच येतो की इथेच फोडू आणि बघू, आणि बरेच प्लंबरपण तेच सांगतात. आमच्या घरात असंच झालं, ओल हॉलच्या कोपऱ्यात म्हणून तिथे फोडलं, कोरडं निघालं, मग बाजूला फोडलं, तेपण कोरडं, आणि शेवटी लीक सापडला बाथरूमच्या उंबऱ्याखाली, ओलीपासून चांगला चार मीटर लांब. त्या दोन खड्ड्यांची काहीच गरज नव्हती. एक रात्र मीटरकडे बघितलं असतं आणि दोन कॉक बंद करून पाहिले असते तर ते टळलं असतं.

हे पाइप स्लॅबखाली नाहीतर स्लॅबमध्ये असतात. स्लॅब म्हटलं की डोक्यावरचा डोळ्यासमोर येतो, पण मी पायाखालच्या काँक्रीटबद्दल बोलतोय, म्हणजे खाली भराव, त्यावर काँक्रीट, त्यावर फरशी, आणि पाइप एकतर भरावात नाहीतर काँक्रीटमध्येच गाडलेले. इथे पाणी सरळ वर येत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. पाइप टाकताना जी चारी खणलेली असते तिच्यातली माती बाकीच्या भरावापेक्षा सैल असते, त्यामुळे पाणी पाइपाच्या कडेकडेने उताराला धावतं आणि जिथे पहिली भेग किंवा भिंतीचा सांधा मिळेल तिथे वर डोकावतं. म्हणजे ओल दिसते ती पाण्याची बाहेर पडायची जागा, फुटलेली जागा तीच असेल असं नाही.

लक्षणं काय, तर बिल किंवा टाकी भरण्याची वेळ कारण नसताना वाढणं, सगळं बंद असताना प्रेशर पंप मधूनच सुरू होऊन बंद होणं, रात्री शांततेत बारीक सूंऽऽ आवाज, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या) वर पोपडे किंवा मिठासारखं पांढरं फुलणं, टाइल ठोकली की पोकळ वाजणं. अनवाणी चालताना एखादी फरशी कोमट लागली तर लगेच लक्ष द्या, ती गरम पाण्याची लाइन असण्याची शक्यता खूप, आणि गीझर सारखा चालू राहत असेल तर जवळजवळ नक्कीच. आणि फरशीला किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर मात्र काही तपासत बसू नका, कोरड्या जागेवरून मेन स्विच बंद करता येत असेल तरच करा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता रात्रीची टेस्ट. झोपायच्या आधी सगळे नळ बंद, वॉशिंग मशीन बंद, फिल्टर बंद, फ्लश कोणी वापरायचा नाही, आणि मीटरचा आकडा लाल आकड्यांसकट फोटो काढून ठेवा. सकाळी कोणी उठायच्या आधी परत फोटो. बऱ्याच मीटरवर एक छोटं चाक किंवा त्रिकोण असतो, तो थेंबभर पाण्यालाही हलतो, म्हणून पाच मिनिटं त्याच्याकडेच बघत बसलात तरी अंदाज येतो. पण फ्लशची टाकी आधी वगळा कारण ती आवाज न करता गळते, टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि वीसेक मिनिटं फ्लश करू नका, खाली भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय, जमिनीचा दोष नाही. साठवणीच्या टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) पण बघा, तो नीट बंद होत नसेल तर ओव्हरफ्लो चालूच राहतो आणि मीटर फिरत राहतो.

घराला पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर मीटर तुम्हाला फक्त टाकीपर्यंतचं सांगतो, पुढचं नाही. मग टाकीत येणारं पाणी बंद करा, आतल्या बाजूला पातळीची खूण करा आणि सकाळी मोजा. उभी गोल टाकी आतून 1 मीटर रुंद असेल तर 1 सेंटीमीटर पातळी म्हणजे जवळपास 8 लिटर, म्हणजे आठ तासात 3 सेंटीमीटर उतरली तर 24 लिटर गेले, दिवसाचे बहात्तर. हे कमी वाटतं पण ते भरावात रोज मुरतंय. आणि थेट प्रेशरच्या लाइनला दीड मिलीमीटरचं भोक पडलं आणि प्रेशर 4 बार असेल तर दिवसाला दोन-अडीच हजार लिटर जाऊ शकतं. टाकीच्या लाइनला प्रेशर कमी, 10 मीटर उंचीला साधारण 1 बार, त्यामुळे तिथले लीक हळू असतात आणि म्हणूनच वर्षानुवर्षं कळत नाहीत.

गळतंय हे नक्की झालं की लाइन तुकड्यात तोडायची, हातोड्याने नाही, कॉकने. घरात शिरतो तो मेन कॉक बंद करा, तरी मीटर फिरला तर लीक मीटर आणि घराच्या मध्ये अंगणात कुठेतरी आहे आणि तुमची फरशी सुटली. मीटर थांबला तर घरात. मग गीझरची वीज बंद करून त्याच्या इनलेटचा कॉक बंद करा, फिरणं थांबलं तर गरम लाइन, नाही थांबलं तर थंड. मग एकेका बाथरूमचा, किचनचा कॉक. इथे एक फसवणूक होते, जुना गेट व्हॉल्व्ह चाक पूर्ण फिरवूनही आतून थोडं पाणी सोडतो आणि तुम्हाला चुकीचं उत्तर मिळतं, म्हणून कॉक बंद केल्यावर पुढचा नळ उघडून धार खरंच पूर्ण थांबते का ते बघा. नसेल थांबत तर आधी तो व्हॉल्व्ह बदला, तसाही पुढे दुरुस्तीला लागणारच आहे.

आणि रात्रभर मीटर हललाच नाही, टाकीपण उतरली नाही, तरी ओल आहे? मग बहुतेक सांडपाण्याची लाइन. तिच्यात प्रेशर नसतं, वापर झाला की तेवढ्यापुरतं गळतं, त्यामुळे ओल आंघोळीनंतर वाढते, सुट्टीवर जाऊन आलात की कमी झालेली दिसते, वासही येतो, झुरळं वाढतात. याची टेस्ट अशी की बाहेरच्या चेंबरमध्ये घराकडून येणाऱ्या पाइपाच्या तोंडात रबरी टेस्टिंग प्लग फुगवून बसवायचा, आतून पाणी सोडून नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडाच्या थोडं खालपर्यंत लाइन भरायची, खूण करायची आणि तासभर थांबायचं. पातळी उतरली तर लाइन फुटलीये. तेवढा वेळ कोणीही, वरच्या मजल्यावरचेसुद्धा, पाणी वापरायचं नाही, नाहीतर सगळं घरात उलटं येईल. प्लग काढताना समोर उभं राहू नका, पाणी जोरात येतं.

तिसरी शक्यताही असते, की लीक काहीच नाही आणि फरशीवर हवेतली वाफ जमतेय. फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन फरशीला चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा, एक दिवस ठेवा. खालच्या बाजूला दव आलं तर ओल जमिनीतून, वरच्या बाजूला आलं तर हवेतून. जमिनीतून येतेय पण दोन्ही लाइन टेस्टमध्ये पास झाल्या आणि पावसातच वाढते, तर ते भूजल आहे, तिथे प्लंबरचं काम नाही.

लाइन कळली, आता नेमकी जागा. इथे माणूस मशीन घेऊन येणाराच बोलवा, जो नुसता अंदाजाने सांगतो तो नको, अंदाज आपल्यालाही करता येतो. जमिनीला लावायचा मायक्रोफोन असतो, धातूच्या पाइपात आवाज लांबपर्यंत जातो म्हणून जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) किंवा तांब्याच्या लाइनवर तो छान चालतो, प्लास्टिक आवाज गिळून टाकतं त्यामुळे सीपीव्हीसीवर (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप) तितका भरवसा नाही. गरम लाइनसाठी थर्मल कॅमेरा उत्तम, फक्त त्याच्या आधी लाइन थंड होऊ द्या आणि मग गरम पाणी सोडून बघा, डाग पसरत जाताना दिसतो. प्लास्टिकच्या थंड लाइनला गॅसची पद्धत चालते, रिकाम्या लाइनमध्ये 5 टक्के हायड्रोजन आणि 95 टक्के नायट्रोजनचं मिश्रण सोडतात, ते पेट घेत नाही, काँक्रीटमधून वर येतं आणि वर सेन्सर धरून जागा सापडते. सांडपाण्याला सरळ पाइपात कॅमेरा. आणि कोणी म्हणालं की कंप्रेसर लावून हवेचं प्रेशर भरून बघू, तर प्लास्टिकच्या पाइपावर हे करू देऊ नका, दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, जॉइंट सुटला तर पाइपाचे तुकडे उडतात. प्रेशर टेस्ट पाण्याने, हातपंप आणि गेज लावून, आतली हवा पूर्ण काढून आणि गीझर वगैरे लाइनमधून सोडवूनच करायची.

आता मोठा निर्णय, तिथेच जोड द्यायचा का ती लाइनच सोडून द्यायची. माझं मत स्पष्ट आहे. पाइप तुलनेने नवा असेल, लीक एकच असेल आणि कारण दिसत असेल, जसं की नीट न चिकटलेला जॉइंट किंवा खिळा लागलेला, तर फोडा आणि जोड द्या. पण जुना जीआय गंजून फुटला असेल तर जोड देऊन फार उपयोग नाही, एका जागी गंज आरपार गेला म्हणजे बाकीचा पाइपही त्याच वयाचा आहे आणि पुढचं भोक रांगेत उभं आहे. तेव्हा खालच्या लाइनला दोन्ही टोकांना एंड कॅप (टोकाचं बूच) लावून ती कायमची बंद करा आणि नवी लाइन भिंतीतून किंवा छताखालून फिरवा. पाइप दिसतात म्हणून लोक नको म्हणतात, पण पुढचा लीक डोळ्यासमोर होईल आणि अर्ध्या तासात निघेल, हे सुख फरशीखाली कधी मिळणार नाही. आतून इपॉक्सीचा थर देतात तेही ऐकाल, ते फक्त धातूच्या पाइपाला आणि पाइप फार खंगलेला नसेल तरच. पाण्यात टाकून आपोआप भोक बुजवणारी औषधं मात्र पिण्याच्या लाइनमध्ये अजिबात नको.

फोडायचंच ठरलं तर आधी खाली विजेचे कंड्युट कुठून गेलेत ते बघा आणि ते सर्किट बंद करा. काही इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, तसं असेल तर इंजिनिअरशिवाय हात लावू नका, ती केबल कापली गेली तर जीवावर बेतू शकतं. कटरने चौकोन आधी आखून कापा आणि मग आतलं फोडा, म्हणजे तडे बाजूच्या टाइल्सवर जात नाहीत. सळई आली तर होता होईल तो वाकवून काम करा, कापू नका. पाइपाच्या दोन्ही बाजूंना आणि खालीपण हात जाईल इतका खड्डा करा, अरुंद खड्ड्यात घाईने दिलेला जोड हाच पुढचा लीक असतो. सीपीव्हीसी असेल तर पाइप आतून बाहेरून पूर्ण कोरडा हवा, थेंब थेंब येत असताना सोल्व्हंट (जोड चिकटवायचं द्रावण) लावलं तर ते धरत नाही, आणि सोल्व्हंट सीपीव्हीसीचंच घ्या, साध्या पीव्हीसीचं नाही.

मग चोवीस तास थांबा, मग प्रेशर टेस्ट, आणि गेज हललं नाही तरच खड्डा बुजवा. पाइपाभोवती स्लीव्ह किंवा फोमची नळी घाला, तो काँक्रीटला थेट टेकता कामा नये. गरम झाला की प्लास्टिक लांब होतं, 10 मीटर सीपीव्हीसी 40 अंशांनी तापला तर जवळपास अडीच सेंटीमीटर वाढतो, आणि काँक्रीटने घट्ट धरून ठेवलेला असेल तर तो सगळा ताण एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर येतो. खाली बारीक वाळू, वर भराव दहा-पंधरा सेंटीमीटरच्या थराने ठोकून ठोकून, काँक्रीटखाली ओल अडवायला घातलेला प्लास्टिक कागद कापला गेला असेल तर नवा तुकडा ओव्हरलॅप देऊन चिकटवा, हे गवंडी हमखास विसरतात. जुन्या काँक्रीटच्या कडा ओल्या करून सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) लावा आणि मग नवं काँक्रीट, सात दिवस ओलं ठेवायचं.

लाइन सुरू करताना पहिलं पाणी पिऊ नका. फुटलेल्या लाइनमधलं प्रेशर गेलं की बाहेरची घाण आत ओढली जाते, त्यामुळे सगळे नळ चांगला वेळ सोडून ठेवा, नळाच्या जाळ्या काढून धुवा.

टाइल आणि रंगाची घाई नको, काँक्रीट फार हळू वाळतं, महिन्याला साधारण एक इंच धरतात, तो प्लास्टिकचा चौकोन परत लावा आणि खाली दव येईनासं झाल्यावरच गवंड्याला बोलवा. भिंतीचे पोपडे खरवडून ठेवा म्हणजे ओल बाहेर पडेल. आणि खड्डा बुजवायच्या आधी पाइपाच्या बाजूला टेप ठेवून फोटो काढा, दोन भिंतींपासून अंतर किती, खोली किती, कोणता कॉक कशाचा हे कागदावर लिहा आणि त्याची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवा.