बाळ सांभाळताना मनगट दुखतंय? या चुका टाळा

बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ यायला लागते. लंगोटाची गाठ सोडताना येते, कुकरचं झाकण लावताना येते आणि बाळाला उचलताना तर थेट कोपरापर्यंत जाते. घरात कोणी म्हणतं वात आहे, कोणी म्हणतं कॅल्शियम कमी पडलं, कोणी म्हणतं बाळंतिणीने गार पाण्यात हात घातला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकमधल्या गंगापूर रोड, सिडको, इंदिरानगरच्या आया माझ्याकडे येतात, तशा निफाड-दिंडोरीच्या गावांतूनही येतात. सगळ्यांच्या हातात मला वर्षानुवर्षं त्याच चुका दिसतात, म्हणून त्या एकदा नीट लिहून ठेवते.

आधी हे दुखणं काय आहे ते समजून घ्या. अंगठा वर आणि बाहेर नेणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून सरकतात. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकते तशा. सततच्या घर्षणाने आवरण जाड झालं की नाडी अडकायला लागते, आणि प्रत्येक वेळी अंगठा हलवला की दुखतं. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ साली याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव दिसतं. बाळंतपणानंतर अंगावर राहिलेली सूज आणि शरीरात होणारे बदल यात भर घालतात. पण दुखणं टिकून राहतं ते दिवसभरात शंभरदा होणाऱ्या हाताच्या एकाच हालचालीमुळे.

काखेत हात घालून उचलणं

नवीन आई आली की मी तिला दुपट्यात गुंडाळलेली तांदळाची पिशवी देते आणि म्हणते, बाळ समजून उचल. जवळजवळ प्रत्येक जण दोन्ही अंगठे ताणून, बाळाच्या काखांत घालून, मनगट करंगळीकडे झुकवून उचलते. सगळं वजन त्या दोन कंडरांवर येतं. ज्या हालचालीने दुखणं सुरू झालं, तीच परत परत.

यावर मला सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "होईल हाताला सवय." होत नाही. तीन किलोचं बाळ पाचव्या महिन्याच्या आसपास सहा किलोचं होतं आणि वर्षाचं होईतो साधारण नऊ किलोचं. हात सवय करून घेईपर्यंत बाळ वाढलेलं असतं.

माझी पद्धत अशी. आधी बाळाच्या अगदी जवळ जा. पलंगावर असेल तर एक गुडघा पलंगावर टेका. बाळाला हलकेच कुशीवर वळवा, एक हात ढुंगणाखाली आणि दुसरा मान-पाठीखाली सरकवा. तळहात वर, अंगठे बोटांना चिकटलेले. बाळाला आधी छातीशी घ्या आणि मगच उभ्या राहा. वजन तळहातावर नाही, कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर घ्यायचं. सुरुवातीला हे संथ वाटतं. बाळ रडत असतं, दूध उतू जात असतं आणि हात जुन्याच सवयीने काखेकडे धावतात. तेव्हा गॅस बंद करा आणि बाळाला तेवढं रडू द्या. या एका गोष्टीत घाई करणाऱ्या आयांचंच दुखणं लांबतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहते.

झोळी फार खोल असेल तर ती हाताची मोठी शत्रू आहे. वाकून, हात लांबवून, मनगट दुमडून बाळ काढावं लागतं. झोळीची दोरी आखूड करा किंवा दिवसा बाळाला गोधडीवर झोपवा. कडेवर घेताना रोज एकच बाजू नको, आणि बाळाच्या मांडीखाली मनगटाचा आकडा करून त्याला लटकवू नका.

आणखी एक. हे फक्त आईचं दुखणं नाही. आई-वडील दोघंही सातपूर-अंबडला कामाला जातात आणि दिवसभर बाळ आजीकडे असतं, अशा घरांतल्या आज्याही मनगट धरून येतात. बाबाही येतात. म्हणून घरात जो जो बाळ उचलतो त्या प्रत्येकाने ही पद्धत शिकायला हवी. फक्त आईला शिकवून भागत नाही.

चोळणं आणि झटका देणं

याबद्दल मला मनापासून राग आहे, कारण यातून झालेलं नुकसान मी पाहिलं आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार घरातली मुलगी. माहेरून तीन महिन्यांचं बाळ घेऊन सासरी आली ती नेमकी विरळणीच्या दिवसांत. घरातली सगळी माणसं सकाळपासून बागेत, घरात ही आणि बाळ. उचलायला, आंघोळीला, दुपटी धुवायला दुसरा हात नाही. मनगट दुखायला लागलं, अंगठ्याच्या मुळाशी छोटी गाठ दिसायला लागली. बाळाला मालीश करायला येणाऱ्या मावशींनी सांगितलं, नस चढली आहे, बसवते. कोमट तेल लावून त्या गाठीवर अंगठ्याने रगडलं. रोज. मावशींचा हेतू चांगलाच होता, पण सुजलेल्या आवरणावर दाब दिला की सूज वाढणारच. मग कोणीतरी तिला नस उतरवून देणाऱ्या माणसाकडे नेलं. त्याने मनगट धरून अंगठ्याला खाडकन झटका दिला.

त्या रात्री तिला बाळाला अंगावर पाजायलासुद्धा धरता येईना. हात फुगला. घरात वरचं दूध सुरू करायची बोलणी झाली. ती आली तेव्हा मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत क्रेप बँडेज इतकं घट्ट बांधलेलं होतं की बोटं निळसर दिसत होती. मी पहिल्यांदा ते सोडलं आणि तिला ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा दिला आणि पुढे एक इंजेक्शन दिलं.

पण खरा फरक पडला तो तिच्या सासूबाई सोबत आल्या तेव्हा. मी तांदळाची पिशवी उचलून दाखवत होते. त्या पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी आम्ही घरात तिच्याकडूनच सगळं उचलून घेतोय." दुसऱ्या दिवसापासून बाळाची आंघोळ त्यांनी स्वतःकडे घेतली, दुपटी पिळायचं काम नवऱ्याकडे गेलं आणि तिला झोपून पाजायची सवय लावली. बागेत तोडणी सुरू झाली तोवर तिचा हात मोकळा झाला होता.

नस चढत नाही आणि झटक्याने उतरतही नाही. मालीश करायचीच असेल तर दंडाला, खांद्याला, मानेला करा. तिथे ती खरंच बरी वाटते. अंगठ्याच्या मुळाशी सुजलेल्या जागेला मात्र कोणाचाही अंगठा लागू देऊ नका.

चुकीचा पट्टा, आणि तोही दोन दिवस

मेडिकलमध्ये मिळणारा साधा लवचीक मनगटपट्टा यात उपयोगाचा नाही. अंगठा मोकळाच राहतो, आणि थांबवायचा तर अंगठाच आहे. पट्टा मनगट आणि अंगठ्याचं मूळ दोन्ही धरणारा हवा, बाकीची चार बोटं मोकळी हवीत. घ्यायला जाताना दुखरा हात घेऊनच जा आणि घालून बघा. बाळाच्या गालाला टोचेल अशी पट्टी किंवा बक्कल असेल तर त्यावर मऊ सुती कापडाची पट्टी गुंडाळा.

तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून पट्टा खुंटीला टांगणाऱ्या आया पंधरा दिवसांनी परत येतात. पट्टा साधारण तीन ते सहा आठवडे लागतो. आंघोळीला काढा, हळूच अंगठा हलवा, परत घाला. घाई नको. आणि पट्टा घातला म्हणून काखेतून उचलायची परवानगी मिळाली, असंही समजू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात

पाजताना बाळाचं डोकं तळहातावर तोलून धरू नका. मांडीवर उशी किंवा घडी केलेली गोधडी घ्या, डोकं कोपराच्या खोबणीत ठेवा, मनगट सरळ. रात्री कुशीवर झोपून पाजलं तर हाताला खरा आराम मिळतो, पण पाजून झाल्यावर बाळाला त्याच्या जागेवर सरकवा.

एका हाताने पाजत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाईल सरकवत बसणं बंद करा.

लंगोट, दुपटी पिळू नका. दुखऱ्या मनगटाला पिळण्याइतकं वाईट काम नाही. एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यकीय पुस्तकांत हे दुखणं कपडे धुणाऱ्या बायकांचं म्हणून नोंदलेलं आहे. मशीनमध्ये टाका, नाहीतर ओलंच दोरीवर टाका आणि पाणी निथळू द्या.

हाताने दाबायचा ब्रेस्ट पंप काही दिवस बाजूला ठेवा. भाकरी थापणं आणि नारळ खवणंही दुसऱ्या कोणाकडे द्या. आंघोळीला पितळी तांब्या भरून ओतण्यापेक्षा हलका मग अर्धा भरा.

अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायची चाचणी मोबाईलवर पाहून दिवसातून दहादा करू नका. त्या चाचणीत आपण मुद्दाम दुखऱ्या कंडरा ताणतो. डॉक्टर एकदा करतील तेवढी पुरे.

मेंथॉल-कापूर असलेले बाम लावून बाळाला हातात घेऊ नका. कापूर तान्ह्या बाळाला घातक असतो, आणि ते बोट तोंडात कधी घालेल याचा नेम नाही.

गार शेक की गरम, यावर सासू-सुनांची भांडणं मी सोडवली आहेत. सूज ताजी आणि गरम असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवल्याने बरं वाटतं. पण घरातल्या मोठ्या माणसांना बाळंतिणीला गार लावणं अजिबात पटत नसेल, तर त्यावरून घरात ताण वाढवू नका. शेकापेक्षा पट्टा आणि उचलायची पद्धत जास्त काम करतात.

गोळ्या आणि इंजेक्शन

अंगावर पाजणाऱ्या आईने मेडिकलमधून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन पाजणाऱ्या आयांना बहुधा देतात, पण किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि आपण पाजतो हे त्यांना आधी सांगायचं. अॅस्पिरिन नको. पट्ट्याने भागलं नाही तर आवरणात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात आणि बऱ्याच जणींना त्याने आराम पडतो. त्याला घाबरून महिनोन्महिने दुखणं सोसू नका. पण इंजेक्शन घेऊन त्याच संध्याकाळी बाळाला जुन्याच पद्धतीने उचललं, तर दुखणं परत येतं. शस्त्रक्रिया अगदी थोड्या जणींना लागते. त्यात ते घट्ट झालेलं आवरण मोकळं करतात.

हे वेगळं दुखणं आहे

अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होतं, मुंग्या येतात, हात झटकल्यावर बरं वाटतं? मग मनगटातला मज्जातंतू (नर्व्ह) दबतो आहे, त्याला कार्पल टनेल म्हणतात. गरोदरपणात आणि नंतर हेही बरंच दिसतं. त्यासाठी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लागतो.

दोन्ही हातांची बोटं सुजलेली आणि सकाळी तासभर आखडलेली असतील, तर बाळंतपणावर ढकलू नका. संधिवात बाळंतपणानंतर डोकं वर काढू शकतो. रक्ततपासणी करून घ्या. जागा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

बाथरूममध्ये किंवा ओल्या ओट्याजवळ पाय घसरून हातावर पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर वरचं काहीही करत बसू नका. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर तिथलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसत नाही. सिव्हिलच्या हाडांच्या ओपीडीत दाखवा किंवा तुमच्या नेहमीच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणं थांबत नसेल तर दहा-बारा दिवसांनी परत तपासून घ्या. तोवर त्या हाताने बाळ उचलू नका.