प्लाझ्मातलं पॅरासिटामॉल मोजा, मग पुढचं बघू

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या फार्मसी कॉलेजात जैवविश्लेषणात (रक्तासारख्या जैविक नमुन्यांतलं औषध मोजण्यात) पीएच.डी. सुरू करत असाल, तर मार्गदर्शकांनी दिलेल्या नव्याकोऱ्या रेणूला लगेच हात घालू नका. आधी पॅरासिटामॉलवर हात बसवा. ते स्वस्त आहे, शुद्ध मिळतं आणि १ ग्रॅमच्या डोसनंतर रक्तातलं प्रमाण साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत चढतं. एचपीएलसी यंत्राच्या (द्रावणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) साध्या यूव्ही डिटेक्टरला ते आरामात दिसतं.

यंत्राची मांडणी अशी: २५० × ४.६ मिमीचा, ५ मायक्रॉनचा सी-१८ कॉलम, २० मिलिमोलर फॉस्फेट बफर (पीएच ३) आणि ॲसिटोनायट्रिल ९०:१०, प्रवाह मिनिटाला १ मिली, २४५ नॅनोमीटर. ही फक्त सुरुवात, पुढे पीक (आलेखावर पदार्थाचा उभा राहणारा उंचवटा) बघून प्रमाण हलवा. बफर दर दोन दिवसांनी ताजा करा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

अंतर्गत मानक (तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात सारखंच घालायचा दुसरा पदार्थ) म्हणून कॅफिन मोहात पाडतं. घेऊ नका. चहा न पिता रक्तदानाला आलेला माणूस इथे सापडणं कठीण, त्यामुळे कोऱ्या (औषध नसलेल्या) प्लाझ्मातच त्याचं पीक उभं राहतं. ३-ॲसिटॅमिडोफिनॉल बरं, मात्र ते पॅरासिटामॉलपासून नीट सुटतंय ना हे आधी बघा.

कोरा प्लाझ्मा रक्तपेढीतून, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेऊनच आणा. इथे एक खाच आहे. रक्तपेढीच्या पिशवीत सायट्रेट असतं, तुमचे पुढचे नमुने बहुधा ईडीटीएच्या नळीत येणार. मानकं (माहीत प्रमाणात औषध घातलेला प्लाझ्मा) एकात आणि नमुने दुसऱ्यात, असं चालत नाही. दोन्हीकडे गोठणरोधक एकच हवं.

आता खरं काम. मिथेनॉलमध्ये १ मिग्रॅ प्रति मिलीचं मूळ द्रावण करा आणि त्यातून मिथेनॉल-पाणी ५०:५० मध्ये कार्यद्रावणं. १९० मायक्रोलिटर प्लाझ्मात १० मायक्रोलिटर कार्यद्रावण घाला, म्हणजे सेंद्रिय द्रावकाचा भाग ५ टक्क्यांच्या आत राहतो. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या कार्यद्रावणातून ०.५ आणि ५०० च्या द्रावणातून २५, अशी तुमची मर्यादा ठरते. त्यात २० मायक्रोलिटर अंतर्गत मानक आणि ६०० मायक्रोलिटर थंडगार ॲसिटोनायट्रिल घाला, मिनिटभर व्हॉर्टेक्स करा, १०,००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा. वरचं ६०० मायक्रोलिटर काढताना टोक तळाच्या पांढऱ्या गोळीला लागू देऊ नका.

ते तसंच इंजेक्ट केलंत तर पीक दुभंगतं किंवा पुढे सरकतं, कारण नमुन्यात ॲसिटोनायट्रिल सुमारे ७३ टक्के आणि मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या त्या बफर-ॲसिटोनायट्रिल मिश्रणात) फक्त १०. म्हणून ४० अंशांवर नायट्रोजनखाली वाळवा, २०० मायक्रोलिटर मोबाइल फेजमध्ये पुन्हा विरघळवा, त्यातलं २० इंजेक्ट करा. मध्येच कुठूनतरी रुंद, बुटकं पीक उगवलं तर ते बहुधा आधीच्या इंजेक्शनमधलं रेंगाळलेलं काहीतरी असतं. प्रत्येक इंजेक्शनच्या शेवटी ॲसिटोनायट्रिल वाढवून कॉलम धुवा.

रिकामा (काहीच न घातलेला) आणि शून्य (फक्त अंतर्गत मानक घातलेला) नमुना सोडून किमान सहा पातळ्यांची रेषा काढा. आर-वर्ग ०.९९९ आला म्हणून खूश होऊ नका. वजन न देता रेषा बसवली की २५ ची पातळी तिला आपल्याकडे ओढते आणि ०.५ ला ४० टक्के चूक येऊ शकते. १/क्ष² वजन (क्ष म्हणजे त्या पातळीचं प्रमाण) देऊन बघा, म्हणजे खालच्या पातळ्यांनाही महत्त्व मिळतं.

मोजपट्टी आयसीएच एम१० ची (जैवविश्लेषण पद्धती तपासण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका, २०२२): अचूकता ±१५ टक्के, सर्वांत खालच्या पातळीला ±२०. चार पातळ्यांचे नियंत्रण नमुने (प्रमाण आधीच माहीत असलेले), प्रत्येकी पाच, किमान तीन धावांत (धाव म्हणजे एका वेळी चालवलेली नमुन्यांची तुकडी), किमान दोन वेगवेगळ्या दिवशी. निवडकतेसाठी (प्लाझ्मातलं दुसरं काही पीकमध्ये मिसळत नाही ना, हे बघायला) सहा वेगवेगळ्या दात्यांचा प्लाझ्मा, शिवाय एक रक्तपेशी फुटून लाल झालेला आणि एक चरबीचा. आदल्या रात्री तांबडा-पांढरा चापून आलेल्या दात्याचा दुधाळ प्लाझ्मा फेकू नका, तो इथेच कामी येतो. रिकव्हरी (प्लाझ्मातून परत मिळालेल्या औषधाचा वाटा) ७० टक्के आली तरी हरकत नाही, पण ती सगळीकडे सारखी हवी.

वीज गेली आणि पंप थांबला तर बफर कॉलममध्येच अडकतो. वीज आल्यावर थेट शुद्ध ॲसिटोनायट्रिल सोडलंत तर फॉस्फेट आतच खडा होतो आणि दाब चढत जातो. आधी अर्धा तास पाणी-ॲसिटोनायट्रिल ९०:१०, मग हळूहळू ७० टक्क्यांपर्यंत न्या. तोवर ट्रेमध्ये ताटकळलेले नमुने टिकतात की नाही, हे आधीच तपासलेलं असेल तरच ती धाव वापरा, नाहीतर पुन्हा करा.