आकाशपाळणा भरावा कसा

आकाशपाळण्यावर नव्याने कामाला लागलेल्या माणसाचं सगळं लक्ष स्विचकडे असतं. मी त्याला आधी डबे भरायला उभं करतो. चाकाचा तोल माणसं बसवणाऱ्याच्या हातात असतो. स्विच नंतर शिकता येतो.

डब्यांवर रंगाने ठळक आकडे घाला. १२ डब्यांचं चाक म्हणजे घड्याळाची तबकडीच समजा. ६ नंबरचा डबा भरला की शेजारचा ७ नंबर भरायचा मोह होतो, कारण तोच आधी खाली येतो आणि रांगेतली माणसं घाई करत असतात. तो रिकामाच पुढे जाऊ द्या. चाक अर्धं फिरवून १२ नंबर खाली घ्या. मग ३, मग ९. मधले डबेही असेच, समोरासमोरच्या जोडीने. एकाच बाजूचे चार-पाच डबे ओळीने भरले, तर ती बाजू वर चढवताना मोटर कण्हते आणि थांबवताना सगळा भार ब्रेकवर येतो. रांगेकडे बघूनच वजनाचा अंदाज बांधा. दोन दणकट माणसांच्या समोरच्या डब्यात दोन चिमुरडी बसवली तर जोडी जमली असं म्हणता येत नाही.

पहिला फेरा संथ मारा आणि कान मोटरकडे ठेवा. अर्धा फेरा आवाज जड, अर्धा हलका येत असेल तर तोल गेलेला आहे. थांबवा, माणसं हलवा. कुणी कुरकुरलं तरी हलवाच.

१८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी उभारलेल्या चाकाला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. तिथे एका वेळी सहा डबे भरता येत. फिरत्या मेळ्यातल्या चाकाला बहुधा एकच फलाट असतो, म्हणून क्रम तोंडपाठ हवा.

उतरवताना तर जास्तच सांभाळा. फेरी संपली की ओळीने सगळे उतरवले जातात आणि अर्धं चाक रिकामं होतं. रांग असेल तर डबा रिकामा झाल्याबरोबर त्यातच नवी माणसं बसवा. रांग नसेल तर भरताना धरलेल्या क्रमानेच उतरवा. वारा सुटला, वीज चमकली तरीही हाच क्रम, फक्त नवं कुणी बसवायचं नाही.

माणसं बसल्यावर डब्याला लावायची अडसराची दांडी लागली की नाही हे नुसतं बघून ठरवू नका, प्रत्येक वेळी हाताने ओढून पाहा.

रात्री पाऊस पडला असेल तर सकाळी चाकाच्या पायाखालचे लाकडी ठोकळे आधी तपासा. ओली माती एका बाजूने खचते. पाणसळ (सपाटी मोजायचं साधन) लावून बघितल्याशिवाय चाक फिरवायचं नाही. आणि उभारणी करताना स्प्लिट पिनच्या (जोड निसटू नये म्हणून टोकं फाकवून घालतात त्या पिनच्या) जागी खिळा वाकवून घालणाऱ्याला तिथल्या तिथे अडवा, मग तो कितीही जुना कामगार असो. पिन दर मुक्कामाला नवीनच घाला.