नक्षीदार शिक्का दिसला की तिकीट सोडवू नका

अमेरिकेत १८६२ पासूनच्या महसूल तिकिटांवर (कर भरल्याची खूण म्हणून कागदपत्रांवर लावायच्या तिकिटांवर) आद्याक्षरे आणि तारीख टाकून ती रद्द करण्याचा, म्हणजे पुन्हा वापरता येऊ नयेत अशी करण्याचा, नियम होता. म्हणून बहुतेकांवर टाकाने लिहिलेली अक्षरेच दिसतात. चांदणी, क्रॉस किंवा एखाद्या कंपनीचा नक्षीदार छाप त्यामानाने खूपच कमी, आणि माझ्या मते म्हणूनच जास्त मोलाचा.

असे तिकीट जुन्या पावतीवर किंवा करारावर चिकटलेले मिळाले, तर कृपया पाण्यात घालू नका. शिक्क्याची शाई तिकिटाच्या कडेवरून खालच्या कागदावर उतरली असेल, तर तो तिथेच मारल्याचा तो भक्कम पुरावा असतो. शिवाय काही शाया पाण्यात विरघळतात. सुटे तिकीट घेताना भिंगातून बघा. टाकाच्या पुसलेल्या खुणांवर ठसठशीत छाप असेल, तर तो नंतर मारलेला बनावट छाप असू शकतो; ते तिकीट घेऊ नका.