शेततळ्यातल्या जड धातूंवर उपाय करताना या चुका टाळा

द्राक्षबागेच्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडायचे आणि त्याच तळ्याच्या काठावर फवारणीची टाकी धुवायची, हे आजही चालतं. नळीतून निळसर पाणी तळ्याच्या प्लास्टिक कागदावरून घरंगळत खाली जातं, आणि चार थेंबांनी काय होणार असं वाटतं. 1 टक्का बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात, 100 लिटरला 1 किलो मोरचूद असतं, आणि मोरचुदाच्या वजनात चौथा हिस्सा तांबं. म्हणजे टाकीत उरलेल्या 10 लिटरमध्ये 25 ग्रॅम तांबं. चुन्यामुळे त्यातलं बरंचसं तळाशी बसतं. पण बसलं म्हणजे संपलं नाही.

सगळ्या चुकांचं मूळ इथेच आहे. धातू कुजत नाही, वाऱ्याने उडत नाही. पाण्यातून निघाला तर गाळात जातो, नाहीतर जलपर्णीत, पाणी गाळायच्या कोळशात किंवा माशात. म्हणून कोणताही उपाय करण्याआधी एकच विचारा: धातू नेमका कुठे जाणार आहे?

टीडीएस मीटरवर विसंबू नका

हे मीटर पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार दाखवतं. तांबं किंवा कॅडमियम लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या-हजाराव्या भागातही माशाला बाधतं, त्याने मीटरचा आकडा हलतही नाही. प्रयोगशाळेत पाणी द्यायचं तर धातूंची नावं सांगून तपासणी मागा. नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्या. धातूच्या भांड्यात नको. बाटलीत आम्ल कधी घालायचं हे प्रयोगशाळेलाच विचारा, कारण तसंच ठेवलेलं पाणी असेल तर त्यातले धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

'पिण्याला चालतं, मग माशाला का नाही?'

ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती शहाणपणाची वाटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) जस्ताची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर तांबं 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माणसाला त्याने काही होत नाही. मासा मात्र कल्ल्यांतून श्वास घेतो, आणि तेवढं तांबं कोवळ्या बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, मारायला पुरेसं असतं. जस्ताचा पत्रा, गॅल्व्हनाइज्ड पाइप, पितळी तोट्या घराला चालतात, पण मत्स्यजिऱ्यांच्या (माशांच्या चिमुकल्या पिल्लांच्या) हौदाला प्लास्टिकच बरं. मऊ आणि आम्लधर्मी पाणी तर पाइपातलं जस्त अधिकच सोडवून आणतं.

प्राणवायू कमी आहे असं समजून फक्त एअरेटर लावणं

मासे वर येऊन तोंड मारतात तेव्हा आधी वेळ बघा. प्राणवायूची तूट पहाटे जाणवते आणि ऊन वर आलं की मासे सावरतात. दुपारीही तेच चाललं असेल, किंवा नवं पाणी सोडल्यावर सुरू झालं असेल, तर एक मासा उचलून कल्ल्याचं झाकण उघडा. पांढुरका चिकट थर दिसला तर पाण्यात क्षोभक काहीतरी आहे. तांबूस किटण दिसलं तर बहुधा बोअरच्या पाण्यातलं लोह. परीक्षा सोपी आहे: बोअरचं पाणी पांढऱ्या बादलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तांबडा थर बसला तर हे पाणी थेट तळ्यात सोडू नका. आधी हौदात कारंज्यासारखं उडवा, थर बसू द्या, वरचं पाणी घ्या. एअरेशनने खरोखर निघतं ते मुख्यतः लोह. शिसं, कॅडमियम, तांबं हवेने जात नाही.

चुना आणि तुरटी अंदाजाने टाकणं

चुन्याने सामू (पीएच) वाढतो आणि अनेक धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात, हे खरं. पण भाजलेला चुना मासे असलेल्या तळ्यात ओतला की सामू झटक्यात वर जातो आणि पाण्यातला अमोनिया विषारी होतो. चुन्याची ही प्रक्रिया तळ्याबाहेरच्या हौदात करा, साका बसला की वरचं निवळ पाणी घ्या, आणि सामू 8.5 च्या खाली आला तरच ते तळ्यात सोडा. तुरटी उलट सामू खाली ओढते. मऊ पाण्यात तेवढ्याने गाळातला धातू पुन्हा सुटतो. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या, सांडपाण्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम तर नुसत्या चुन्याने खाली बसतच नाही. असं पाणी येत असेल तर मासे वाढवूच नका.

शेवाळ मारायला मोरचूद घालतानाही हाच अंदाज नडतो. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजून तिला 100 ने भागलं की लिटरला किती मिलिग्रॅम मोरचूद चालेल ते मिळतं. अल्कलिनिटी 50 च्या खाली असेल तर मोरचुदाला हात लावू नका.

ईडीटीए हे धातूला धरून ठेवणारं रसायन घातल्यावर मासे सावरतात ते धातू बांधला जातो म्हणून. पाण्यात धातू तसाच राहतो. आणि जलपर्णी धातू शोषते खरी, पण ती तळ्यातच कुजली की सगळं परत पाण्यात. वेळेवर उपसा, आणि तिचं खत किंवा चारा करू नका.

'चार दिवस ताज्या पाण्यात ठेवू, मग विकू'

पारा माशाच्या मांसात प्रथिनांना धरून बसतो. तो निघायला महिने लागतात, आणि शिजवूनही जात नाही. पाऱ्याची शंका असेल तर माशाच्या मांसाची तपासणी झाल्याशिवाय तो बाजारात नेऊ नका. खाणाऱ्यांत गरोदर बाईही असेल.

गाळ उपसून, पाणी बदलून पुन्हा बीज सोडायचं असेल तेव्हा सगळ्या बोटुकल्या एकदम ओतू नका. 20 बोटुकल्या हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, त्याच तळ्यात 4 दिवस ठेवा. रोज सकाळी मोजा, त्या खातात का ते बघा, आणि एकही उलटी झाली तर पाण्याचा नमुना पुन्हा पाठवा.